बिनतारखेची चिठ्ठी

माझ्या अंगावर भोके किती, हे मोजायला आजवर दोघे जण बसले. एकाने चारशेपर्यंत मोजले आणि त्याला फोन आला. दुसऱ्याचा चहा गार व्हायला लागला. तेव्हापासून मीच सांगतो, पाच हजार! खरा आकडा कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे मला खोटे कोण ठरवणार?

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. बुचाचा भुगा दाबून केलेली माझी पाठ, त्यावर ताणून बसवलेले हिरवे कापड आणि भोवती लाकडी चौकट. चौकटीचा खालचा डावा कोपरा जरा उघडा आहे, कारण मला बनवणाऱ्या सुतारकाकांचा नेमका तिथला खिळा संपला होता. "कोण बघतंय एवढं वाकून?" असे म्हणून त्यांनी मला तसेच पोचते केले. त्यांचे खरे ठरले. आजवर कुणीही वाकून पाहिलेले नाही.

मला टांगले ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या एका कचेरीत, बाहेरच्या स्वागतकक्षात. दवाखान्यात कोणत्या पेशंटचा नंबर केव्हा, हे सांगणारे प्रोग्राम इथले लोक लिहितात. माझ्या उजव्या हाताला काचेचे दार आणि दाराआड प्रोग्रामर मंडळींची खोली. माझ्यासमोर स्वागताचे टेबल. पहिल्या दिवशी माझ्यावर फक्त सुट्ट्यांची यादी आणि 'आपला कप आपण धुवावा' अशी सूचना लागली. आता उभा जन्म कपबशांची उठाठेव करण्यात जाणार, असे वाटून मी अगदी हिरमुसलो.

पण कचेरीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी एक रीत पाडली. ज्याला काही नवे कळेल त्याने ते चार ओळींत लिहून मला टोचायचे. "तुम्हाला कळलेलं संध्याकाळी तुमच्याबरोबर घरी जातं," त्या म्हणाल्या. "मग मागे राहिलेल्यांनी काय करायचं?"

मग काय विचारता! माझ्यावर बोट ठेवायला जागा उरली नाही. आतल्या खोलीतल्या एका प्रोग्रामरला सगळे बातमीदार म्हणत. या लोकांच्या जगात रोज काहीतरी नवे घडते. सोमवारी एखाद्या भाषेची नवी आवृत्ती, बुधवारी कुठेतरी फुकट शिकवणी, शुक्रवारी कशात तरी सापडलेला नवा दोष. हा गडी सगळे वाचून यायचा आणि खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधी मला चिठ्ठी टोचायचा. "ऐकलंत का, नवीन व्हर्जन आलं!" हे तो येईल त्याला सांगे. पाण्याच्या बाटल्या पोचवणाऱ्या माणसालाही त्याने एकदा नवी आवृत्ती समजावून दिली. पावतीवर सही मिळेपर्यंत बिचाऱ्याला ऐकून घ्यावे लागले. टाचणी टोचली की दुखायचे, नाही असे नाही. पण लोक माझ्यापुढे उभे राहून वाचत, माना डोलवत, कुणी घाईघाईने वहीत उतरवून घेत. तेवढ्या कौतुकावर मी कितीही टोचून घेतले असते.

समोरच्या टेबलावर ताई बसत. फोन घ्यायचा, पाहुण्यांना बसवायचे, बटण दाबून काचेचे दार उघडायचे, ही त्यांची कामे. दिवसभर डोळ्यांसमोर मीच. कंटाळून त्या मला वाचू लागल्या. आधी त्यांना ओ की ठो कळेना. एक दिवस त्यांनी धीर करून विचारले.

"अहो बातमीदार, हे लूप म्हणजे काय हो?"

"तेच तेच काम परत परत करायचं. थांबायची वेळ येईपर्यंत."

"अगंबाई! म्हणजे मी नऊ वर्षं लूपमध्येच बसलेय म्हणा की."

बातमीदार इतका हसला की त्याच्या हातातली टाचणी खाली पडली. पण दुसऱ्या दिवशी त्याने नवशिक्यांसाठी फुकट धडे कुठे मिळतात याची यादी आणली आणि वर 'ताईंसाठी' असे लिहून मला टोचली. ताई जेवणाच्या सुट्टीत ते धडे करू लागल्या. संध्याकाळी त्यांची मुलगी कॉलेजातून त्यांना न्यायला येई आणि दारातूनच विचारी, "आई, आजचा अभ्यास झाला का? की नुसत्या गप्पा?" लेकीपुढे वही धरताना ताईंचा चेहरा बघण्यासारखा होई.

पुढे सगळ्यांनी मिळून फोनवर एक ग्रुप काढला आणि बातम्या तिकडे जाऊ लागल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझी तर चांगली नऊ वर्षे झाली होती. मी तक्रार कोणत्या तोंडाने करू? चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या, त्यांचे कोपरे वळले, माझ्याकडे बघणारे डोळे उरले दोनच. ताई दर शुक्रवारी फडक्याने माझी धूळ झटकत आणि जुन्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचत. तो ग्रुप आतल्या खोलीतल्या लोकांचा होता. त्यात ताईंना घ्यावे, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही.

अशी दोन वर्षे गेली आणि आतल्या खोलीत एक जागा रिकामी झाली. मॅडमनी बाहेरून चौदा उमेदवार बोलावले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटले! ताईंनी चौदाही जणांना बसवले, पाणी दिले, दार उघडून आत सोडले. शेवटचा उमेदवार गेल्यावर त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, पंधरावा अर्ज माझा घ्याल का?"

"ताई, तुमचा?"

"दोन वर्षं शिकतेय. नाही जमलं तर इथेच बसेन, कुरकुर न करता. पण मग पुन्हा विचारायचं धाडस व्हायचं नाही माझ्याच्यानं. अकरा वर्षं ते दार मी दुसऱ्यांसाठीच उघडतेय."

मॅडम हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. "उद्या दहा वाजता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दिली तीच परीक्षा. वेळ दोन तास."

आत जागा नव्हती, म्हणून एक टेबल ओढून अगदी माझ्या पुढ्यात लावले. फोन घ्यायला त्या दिवशी बातमीदाराला बसवले होते. प्रश्न असा होता, की दवाखान्याच्या यादीतल्या तारखा आणि वेळा वाचून पेशंट क्रमाने लावणारा प्रोग्राम लिहायचा. "कुठेही बघा, काहीही शोधा," मॅडम म्हणाल्या. "पाठांतराला इथे मार्क नाहीत."

ताईंनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिले. माझी छाती फुगली! डाव्या बाजूला, सुवाच्य अक्षरातली एक चिठ्ठी होतीच, 'तारीख वाचायची सर्वांत सोपी रीत'. ताईंनी त्यातले फंक्शन, म्हणजे भाषेतच मिळणारा तयार हुकूम, जसेच्या तसे उतरवले, प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरे आली. त्यांनी एकेक अक्षर ताडून पाहिले, पुन्हा चालवला. पुन्हा लाल.

तेव्हा माझ्या लक्षात आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती चिठ्ठी सहा वर्षांपूर्वीची होती. ते फंक्शन नव्या आवृत्तीतून केव्हाच काढून टाकले होते. बातमीदाराने ते सांगितलेही होते, पण फोनवरच्या ग्रुपमध्ये. माझ्याकडे येऊन जुनी चिठ्ठी कुणी काढली नव्हती. आणि ती कधीची आहे, हे ताईंना कळणार तरी कसे? तारखा वाचायला शिकवणारी चिठ्ठी, पण तिच्यावरच तारीख नव्हती! ज्या बाईने वर्षानुवर्षे माझी धूळ पुसली, तिलाच मी ऐन वेळी तोंडघशी पाडले होते. एक तास गेला. ताईंच्या कपाळावर घाम आला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की ताई, माझे ऐकू नका!

ताईंनी चष्मा पुसला. मग त्यांनी माझ्याकडे बघायचे सोडले आणि ती लाल अक्षरे बोट ठेवून, सावकाश वाचली. येणाऱ्या पाहुण्याचे नाव रजिस्टरमध्ये त्या वाचतात, तशी.

"असं फंक्शनच नाही म्हणतोय हा," त्या पुटपुटल्या. "चिठ्ठी म्हणते 'आहे', कॉम्प्युटर म्हणतो 'नाही'. दोघांपैकी एक जण शिळा आहे. कॉम्प्युटर तर मागच्या महिन्यात आलाय."

त्यांनी त्या भाषेची मूळ माहितीची पाने उघडली. कोणत्या आवृत्तीत काय बदलले, ते एकेक करून खाली वाचत गेल्या. जुने फंक्शन कधी गेले आणि त्याच्या जागी काय आले, ते सापडले. मग मात्र कीबोर्ड थांबला नाही. वेळ संपायला आठ मिनिटे असताना त्यांनी पुन्हा प्रोग्राम चालवला आणि पेशंटांची यादी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बिनचूक क्रमाने खाली उतरली.

"चाललं!" बातमीदार ओरडला. फोनवर एक डॉक्टर होते. काय चालले म्हणून ते बराच वेळ विचारत राहिले.

मॅडम आल्या, त्यांनी प्रोग्राम तपासला. "उत्तम. पण पहिला तास कुठे गेला?"

ताईंनी लपवाछपवी केली नाही. बोट माझ्याकडे केले. मॅडम जवळ आल्या, चिठ्ठी वाचली आणि त्यांचे कान लाल झाले.

"अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या, आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की आतले लोक काचेला नाक लावून बघू लागले. "मीच लावली, मीच काढायला विसरले! ताई, आत आमचं रोज हेच चालतं. काल चाललेलं आज चालत नाही. का चालत नाही ते शांतपणे शोधणारं माणूस हवं होतं मला. सोमवारपासून आत बसायचं."

ताईंनी लगेच लेकीला फोन लावला आणि पलीकडून इतकी किंकाळी आली की ती मलाही ऐकू आली. मित्रांनो, मला त्या दिवशी झाला तेवढा आनंद पाच हजार टाचण्यांत मिळून झाला नव्हता.

सोमवारी मॅडमनी स्वतः ती जुनी चिठ्ठी काढली. तिच्याखाली माझे कापड अजून गर्द हिरवे होते. तिथे ताईंनी आपल्या हाताने लिहिलेली पहिली चिठ्ठी टोचली. वर त्या दिवसाची तारीख, मग आवृत्ती, मग तारखा वाचायची नवी रीत. आणि शेवटी एक ओळ, 'ही रीत चालेनाशी झाली की चिठ्ठी खुशाल काढावी. मला वाईट वाटणार नाही.'

मित्रांनो, तुम्हाला काही नवे कळले, तर ते जरूर भिंतीवर लावा. टाचणीची काळजी करू नका, मी घेईन टोचून. पण लावून विसरू नका. मधूनमधून परत या, आपलेच लिहिलेले वाचा आणि शिळे झाले असेल तर काढून टाका. नाहीतर तुमच्यावर भरवसा ठेवणाऱ्या एखाद्या माणसाचा तास वाया जातो, आणि तो कुणाचा असेल हे तुम्हाला कधी कळतही नाही. आणि तारीख मात्र घालाच. बिनतारखेची चिठ्ठी आता माझ्यावर लागत नाही. बातमीदाराने घाईघाईत दोनदा लावून पाहिली. ताई लगेच बाहेर आल्या, त्याच्या हातात पेन दिले आणि तो लिहीपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.