एस्तेरचा आवाज

एस्तेर घरात आहे की नाही हे पाहायला आत डोकावावे लागत नसे. कुडाच्या भिंतीपलीकडूनच तिचा श्वास ऐकू येई. श्वास आत जाताना बारीक, ताणलेली शीळ वाजे, आणि बाहेर पडताना काहीच नाही. दूध पिताना ती शीळ चढे. रडताना गळ्याखालचा खळगा आत ओढला जाई. जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात सुरू झालेला हा आवाज अडीच महिने झाले तरी थांबला नव्हता.

"शमुवेलच्या पेटीचा भाता फाटलाय ना, तशी वाजते ही," तिची आजी धनीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"पेटीला नावं ठेवू नका, काकी," चर्चचे पाळक शमुवेल उलट म्हणत. "माझी पेटी रविवारीच वाजते. तुमची रोज वाजते."

बाळाची आई योगिता या थट्टेत कधी हसली नाही. तिचा नवरा योहान दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न असे, "अजून वाजते?" उत्तर न देता ती फोन बाळाच्या तोंडाशी धरी.

नवापूरच्या डोंगरातल्या त्या गावात रंजनाबाई सतरा वर्षे आशा कार्यकर्त्या होत्या. एस्तेरला नंदुरबारच्या बालरोगतज्ज्ञांकडे त्याच घेऊन गेल्या. डॉक्टर मराठी बोलत. योगिता आणि धनीबाई घरात मावची बोलत. मराठी त्यांना कळे, पण दवाखान्यातले मराठी अर्धेच कळे. त्यामुळे नेहमीप्रमाणे रंजनाबाई मध्ये बसल्या.

"घशाच्या वरच्या भागातली कूर्चा अजून मऊ आहे," डॉक्टर म्हणाले. "श्वास ओढला की ती आत कोसळते आणि वाट अरुंद होते. त्याचा हा आवाज. बहुतेक मुलांमध्ये वर्ष-दीड वर्षात ती घट्ट होते, आवाज जातो. पण त्याआधी तो वाढेल. सहा महिन्यांपर्यंत वाढू शकतो, घाबरायचं नाही. दूध पाजताना डोकं उंच ठेवा. मान छातीवर वाकू देऊ नका. झोळी अजिबात नको, सपाट अंथरुणावर ठेवा. ओठ निळे पडले, श्वास अडला किंवा वजन वाढलं नाही, तर लगेच आणा."

रंजनाबाईंनी सगळे मावचीत सांगितले. डोके उंच, मान सरळ, झोळी नको, ओठांकडे लक्ष. "त्याआधी आवाज वाढेल" हे वाक्य तोंडापर्यंत आले तेव्हा त्यांनी योगिताकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते आणि पदर बाळाच्या दुपट्याखाली अडकला असल्यामुळे तिला ते पुसताही येत नव्हते. डॉक्टरांच्या बोलण्यातले टोचणारे तेवढे काढून उरलेले पोचवायचे, ही रंजनाबाईंची जुनी रीत. घाबरलेली माणसे पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते.

"आवाज हळूहळू कमी होत जाईल," त्या म्हणाल्या. "आवाज कमी झाला की समज, एस्तेर बरी होते आहे."

"खरंच, ताई?"

"डॉक्टरांनीच सांगितलं."

परतीच्या एसटीत योगिता खिडकीशी झोपली. बाळ धनीबाईंच्या खांद्यावर शीळ घालत होते आणि धनीबाई पुटपुटत होत्या, "कमी होईल गं बाई, कमी होईल."

त्या आठवड्यापासून चर्चमध्ये एस्तेरसाठी दर रविवारी प्रार्थना होऊ लागली. पत्र्याच्या छपराखाली तिचा श्वास शेवटच्या ओळीपर्यंत पोचे. मागणे प्रत्येकाचे एकच होते, हा आवाज बंद व्हावा. योगिता घरीही तेच मागे. आवाज मात्र वाढत होता. तिने एकदा रंजनाबाईंना विचारले, "कमी कधी होणार, ताई?" रंजनाबाईंनी वजन पाहिले. पाचशे ग्रॅम वाढले होते. "वजन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "धीर धर." दवाखान्यात गाळलेले वाक्य तेव्हा सांगता आले असते. आता सांगितले तर आधी का नाही सांगितले, असे ती विचारील, या विचाराने त्या उठल्या.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी चर्च भरले होते. बायकांच्या बाजूला जमिनीवर बसायला जागा नव्हती. धनीबाईंनी मागच्या ओसरीच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली. गावातले प्रत्येक मूल अशाच झोळीत वाढले होते. योहानही, रंजनाबाईंची दोन्ही मुलेही. रंजनाबाईंनी ती पाहिली. धनीबाई त्यांच्याकडे बघून जरा ओशाळल्या. "प्रार्थनेपुरतीच गं, रंजना. खाली ठेवली तर कोणाचा तरी पाय पडायचा."

चार माणसांसमोर म्हातारीला काय बोलायचे? उपासना झाली की सांगू, असे ठरवून रंजनाबाई आत जाऊन बसल्या.

दुसरे गीत संपेपर्यंत शीळ ऐकू येत होती. शमुवेल वचन वाचू लागले तेव्हा ती बारीक झाली. मग थांबली. आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग एकेक मान मागे वळली. शमुवेल वाचता वाचता थांबले आणि पुस्तकावर बोट ठेवून ऐकत राहिले. छपरावर कबुतरे चालत होती, तेवढाच आवाज.

धनीबाई उभ्या राहिल्या. देवाच्या कृपेची साक्ष त्यांनी आजवर कधी सगळ्यांसमोर दिली नव्हती.

"तीन महिने मी ऐकते आहे," त्या म्हणाल्या. "झोपेतसुद्धा ऐकते. आज बंद झाला. माझ्या नातीला देवानं..." बायका रडत 'आमेन' म्हणाल्या. योगिताने दोन्ही हातांनी तोंड झाकले. बोटांमधून तिचे हसू दिसत होते. रंजनाबाईंनीही टाळी वाजवली. आपण सांगितले तसेच झाले, असे त्यांना वाटले. ते समाधान त्यांना नंतर कधीही विसरता आले नाही.

योगिताला दूध दाटून आले म्हणून ती उठली. "इतका वेळ कधी झोपत नाही," असे शेजारणीला हसत म्हणाली आणि ओसरीवर गेली.

तिची हाक ऐकून रंजनाबाई धावल्या. झोळीच्या तळाशी एस्तेर गोळा होऊन पडली होती, हनुवटी छातीत रुतलेली, ओठ जांभळाच्या रंगाचे. रंजनाबाईंनी तिला फरशीवर उताणे ठेवून मान सरळ केली, प्रशिक्षणात बाहुलीवर शिकवले होते तसे तिच्या नाकातोंडावर तोंड ठेवून लहान लहान श्वास फुंकले. एक, दोन, पाच. बाळाचे पाय हलले. छाती आत ओढली गेली आणि तीच शीळ पुन्हा वाजली, फाटकी, अडखळती.

ती ऐकून बायका पुन्हा रडू लागल्या. एकटी योगिता रडली नाही. "परत आला आवाज," ती म्हणाली, जणू काहीतरी हातातून निसटले होते.

अँब्युलन्सचा चालक भटू शहाद्याकडचा. "लवकर घे, भाऊ," असे रंजनाबाईंनी तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो अहिराणीत चिडला. "ताई, घाट शे हा. गाडी उडाडू का मी?" मग त्याने आरशातून मागे पाहिले आणि त्याचा स्वर उतरला. "पोरना आवाज ई ऱ्हायना ना?"

"येतोय."

"मंग चांगलं शे."

नंदुरबारला बाळाच्या श्वासनलिकेत नळी घातली. नळीतून यंत्राची हवा जाऊ लागली आणि शीळ पूर्ण बंद झाली. काचेबाहेर उभ्या असलेल्या योगिताने विचारले, "ताई, आता हा थांबला तो चांगला की वाईट?"

मेंदूला हवा मिळाली नव्हती तो वेळ फार होता, असे डॉक्टरांनी सांगितले. तेही रंजनाबाईंनीच मावचीत सांगितले. तिसऱ्या दिवशी दुपारी एस्तेर गेली. योहान त्याच संध्याकाळी पोचला.

पुढच्या बुधवारी आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम बालमृत्यूची माहिती भरायला घरी आल्या. तरुण होत्या, हळू बोलत. धनीबाईंनी त्यांना खाट दिली आणि स्वतः उंबऱ्याजवळ जमिनीवर बसल्या. आठ दिवसांत त्यांचा चेहरा आत ओढल्यासारखा झाला होता. गावात कोणी उघड बोलत नव्हते, पण शेजारणींनी आपापल्या झोळ्या सोडल्या होत्या, आणि ते धनीबाईंना दिसत होते. योहान अंगणात तुरीच्या ढिगाजवळ पाठ करून बसला होता.

"झोळीत घालू नका, हे सांगितलं होतं का?" मॅडमनी विचारले.

रंजनाबाईंनी विचारले. धनीबाई म्हणाल्या, "सांगितलं होतं. तरी मी घातली. मीच."

मॅडमनी लिहिले. "आवाज थांबल्यावर बाळाला कोणी पाहिलं का नाही?"

हा प्रश्न रंजनाबाईंनी सावकाश मावचीत केला. धनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. दवाखान्यातले आणि एसटीतले सगळे त्यांना आठवत होते, हे स्पष्ट होते. मग त्या मान खाली घालून म्हणाल्या, "म्हातारीला काय कळतं? लिही, माझं लक्ष नव्हतं."

मॅडम पेन धरून थांबल्या. "काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, त्यांचं लक्ष नव्हतं. पण ते खरं नाही, मॅडम. त्यांचं लक्ष त्या आवाजाकडेच होतं. आवाज कमी झाला की बाळ बरं होतंय, असं मी सांगितलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी तो वाढेल. ते मी सांगितलं नाही. आणि त्या रविवारी झोळीही मी पाहिली होती."

मॅडमनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "हे... यात कुठे लिहू?"

रंजनाबाई योगिताकडे वळल्या आणि तेच सगळे मावचीत पुन्हा बोलल्या. अंगणात योहान उठून उभा राहिला. धनीबाईंनी "कशाला गं, रंजना," एवढेच म्हटले.

योगिता भिंतीकडे पाहत होती. तिच्या चोळीवर दूध ओले दिसत होते.

"म्हणजे आवाज येत होता, तोवर ती बरी होती?"

"हो."

"आणि मी रोज तो बंद व्हावा म्हणून मागत होते."



"काय म्हणाली ती?" मॅडमनी हळूच विचारले.

रंजनाबाईंनी योगिताचे वाक्य मराठीत सांगितले. त्यातला एकही शब्द त्यांनी गाळला नाही.