पेढीकाठचा सूर्योदय

१९६१ सालच्या हिवाळ्यात अमरावतीचे वकील बापूसाहेब यांनी निसर्गप्रेमी मंडळ काढलं. सभासद दोनच. एक ते स्वतः आणि दुसरे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे रविकांत. बापूसाहेबांच्या पत्नी गोदावरीबाईंना सभासद करून घेण्याचं कुणाला सुचलं नव्हतं, पण स्वयंपाकाला त्या लागणारच होत्या. चिखलदऱ्याला कुणीही जातं, खरा रसिक आडवाटेला जातो, असं बापूसाहेबांचं मत होतं. म्हणून त्यांनी भातकुलीकडच्या, पेढी नदीकाठच्या एका खेड्यातल्या शाळामास्तरांना पत्र टाकलं, की तंबू ठोकायला एखादी रम्य जागा सुचवावी.

देवमन मास्तर त्याच गावचे. त्यांनी लगेच उत्तर लिहिलं. आमच्या वस्तीला लागून आमराई आहे, सावली आहे, विहिरीचं पाणी गोड आहे, खुशाल या.

आमराई होतीही तशीच. पाहुण्यांची बंडी थांबली तेव्हा मास्तरांची आई दुर्गाबाई पाण्याची कळशी घेऊन ओट्यावर उभी होती आणि घरावर पंचशीलाचा झेंडा फडकत होता. बापूसाहेबांनी झेंडा पाहिला, कळशी पाहिली आणि मग बराच वेळ ते झाडांकडे पाहत राहिले. सावली जरा जास्तच दाट आहे, म्हणाले. इथून सूर्योदय दिसायचा नाही. रविकांतांनाही नेमकं तेच वाटलं. दोघांनीही अस्पृश्यता निवारणावर भाषणं दिलेली होती. त्यामुळे आपल्या मनात सूर्योदयाखेरीज आणखी काही असेल, अशी शंका त्यांना स्वतःलाही आली नाही. मास्तरांना आली. नोकरीला लागल्यापासून अशी कारणं ते ऐकत आले होते.

गावाच्या दुसऱ्या अंगाला नदी वळण घेत होती. काठाला बाभळी, पलीकडे फुलावर आलेली तूर आणि पूर्व बाजू सगळी मोकळी. बापूसाहेब हरखले.

"साहेब, इथं तंबू नका ठोकू," मास्तर म्हणाले. "पहाटे इथं सारं गाव येते."

"येऊ द्या की मास्तर. ग्रामजीवन पाहायलाच तर आलो आम्ही."

मास्तर खुलासा करणार होते. पण आईच्या हातातली भरलेली कळशी तशीच घरात गेलेली त्यांनी पाहिली होती. खुलासा त्यांनी तसाच ठेवला. तंबूचे दोर ओढायला मात्र त्यांनी मदत केली.

संध्याकाळी गोदावरीबाईंनी स्टो पेटवला आणि इथं वास येतो म्हणून सांगितलं. रविकांतांनी तो रानवनस्पतींचा असल्याचं समजावलं.

उजाडायच्या आधी बायकांचा एक घोळका आला. पांढरा तंबू पाहून दचकला आणि कुजबुजत पुढच्या नाल्याकडे वळला. गोदावरीबाई जाग्याच होत्या. त्यांना सगळं उमगलं. नवऱ्याला हलवून त्यांनी दोनदा सांगितलं; दोन्ही वेळा बापूसाहेबांनी कूस बदलली. तेव्हा आपली वळकटी काखेत मारून त्या एकट्याच आमराईकडे निघाल्या.

बापूसाहेब बाहेर आले तेव्हा पूर्व लाल झाली होती आणि समोरच्या बांधावर दहा-बारा माणसं ओळीनं उकिडवी बसली होती. प्रत्येकाजवळ एक टमरेल. सगळ्यांच्या पुढे म्हातारे नत्थुजी. गावकरी सूर्योदय पाहायला आले, या विचारानं वकीलसाहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी निसर्ग आणि खेड्यातला माणूस यांच्या नात्यावर बोलायला सुरुवात केली. पाहुण्याला तोडायचं कसं म्हणून माणसं ऐकत राहिली. अधूनमधून कुणी जागा बदलून बसे. रविकांतांची नजर टमरेलांवर गेली. ते आत जाऊन पातेलं घेऊन आले आणि दूध किती भावानं देता, असं त्यांनी नत्थुजींना विचारलं.

नत्थुजी पातेल्याकडे पाहत राहिले.

"हे दूध नोहे, साहेब. पाणी आहे," ते म्हणाले. "तुमी गावच्या गोदरीत बसून राहिले. भाषण आमी मंग ऐकू. आता आमाले थांबता येत नाही."

तंबू इतक्या लवकर कधी उतरला नसेल.

दोघे आमराईत पोचले तेव्हा गोदावरीबाई विहिरीच्या पाण्यानं हातपाय धुऊन दुर्गाबाईंच्या ओट्यावर चहा पीत होत्या. देवमन मास्तरांनी आणखी दोन कप आणून ठेवले. रविकांतांनी पोटाचं कारण सांगितलं. बापूसाहेबांनी चहा सोडल्याचं सांगितलं. ती बातमी गोदावरीबाईंनाही नवीन होती. स्वतःचा चहा संपवून त्यांनी दुर्गाबाईंकडे अजून अर्धा कप मागितला आणि तो निवांत घेतला. तोवर मंडळ बंडीजवळ उन्हात उभं राहिलं.

महिन्याभरात एका साप्ताहिकात बापूसाहेबांचा लेख आला. पेढीकाठच्या त्या वळणाला त्यांनी निसर्गप्रेमींसाठी वऱ्हाडातलं पहिलं स्थान दिलं होतं. मास्तरांनी तो शाळेच्या ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. गावानं मान डोलवत ऐकला. नत्थुजींनी एवढंच विचारलं, की आता आणखी लोक येतील काय.

पुढच्या पौषात गोदावरीबाईंनी धाकट्या बहिणीला, सिंधूला, सोबत घेतलं. मंडळाला न विचारता त्या दोघी बंडीनं आल्या आणि आंब्याखाली तीन दिवस राहिल्या.