एका फेरीतली सरासरी

संदेश आणि अपेक्षा यांचं लग्न ऑफिसातच जमलं होतं. तळेगावची ती छोटी कंपनी कॅमेऱ्यात बसवायची चिप बनवत होती. रस्त्यावरची गाडी, माणूस, जनावर कॅमेऱ्यानं जागच्या जागी ओळखावं, हे तिचं काम. दोघंही डिझाइन करायची आणि वडगावहून एकाच स्कूटरवर कामाला जायची.

त्या वर्षी काम एका ठिकाणी अडलं होतं. चित्र ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या थरांमधून आकडे बाहेर पडतात, काही अफाट मोठे, काही अगदी बारके. पुढच्या थरात जाण्याआधी त्यांना एका पातळीवर आणावं लागतं. त्यासाठी सरासरी काढायची, आकडे तिच्याभोवती किती पसरलेत ते मोजायचं, मग प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून त्या पसाऱ्यानं भागायचं. चिप गुणाकार झपाट्यानं उरकायची आणि या नॉर्मलायझेशनपाशी येऊन ताटकळायची.

संदेशनं सरळ रस्ता धरला होता. सगळे आकडे एकदा वाचून सरासरी, पुन्हा वाचून पसारा. अपेक्षानं एकाच फेरीत दोन बेरजा केल्या, आकड्यांची आणि त्यांच्या वर्गांची. त्या दोन बेरजांवरून दोन्ही गोष्टी निघायच्या. वर्गमूळ आणि भागाकाराऐवजी तिनं तयार उत्तरांचा एक लहानसा तक्ता चिपमध्ये बसवला. वेळ जवळजवळ निम्म्यावर आला, वीजही कमी लागली.

कंपनीचे मालक कैलास सर यांनी अपेक्षाचं डिझाइन घेतलं.

"संदेश, तू हिचं तपासून दे," ते म्हणाले. "तुझ्याइतकं बारकाईनं इथं कोणी बघत नाही."

संदेशनं हसून मान हलवली. पण त्या दिवसापासून त्याला काही गोड लागेना. टाकव्याहून आईचा, रतनबाईचा फोन आला. "सूनबाईचं लय नाव झालं म्हनं हापिसात. बरं वाटलं बग." तुझं कसं चाललंय, हे तिनं विचारलं नाही. अपेक्षा भाजी चिरताना गुणगुणायची, ते त्याला टोचायचं. ती गप्प बसली की मुद्दाम आपल्यासाठी गप्प बसली असं वाटायचं.

"तुला वाईट वाटलंय का?" तिनं एकदा विचारलं.

"छे. मला कशाला वाटेल?"

तपासणीला तो बसला तो चूक शोधायलाच. आणि ती सापडली. सगळे आकडे मोठे आणि एकमेकांच्या अगदी जवळचे असले, की पसारा काढताना दोन प्रचंड, जवळजवळ सारख्या रकमांची वजाबाकी व्हायची. चिपमध्ये आकड्याला जागा ठरावीक. खरा फरक शेवटच्या घरांमध्ये, आणि ती घरंच कापली जायची. उत्तर शून्य यायचं, कधी शून्याच्याही खाली. त्याच्या सगळ्या अंगातून गार वाऱ्यासारखा आनंद गेला. त्याचं डिझाइन अशा आकड्यांवर चुकत नव्हतं.

सांगू, पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगू, असं त्यानं ठरवलं. तोवर सरांना आणि अपेक्षाला मेल केला, 'तपासलं. ठीक आहे.'

पण सरांनी त्याच आठवड्यात ग्राहकांना वलवणला बोलावलं. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्या मोजून दाखवायच्या होत्या. ऑगस्ट होता. गाडीत अपेक्षानं विचारलं, "धुक्यात चालेल ना रे?"

तेव्हाही सांगता आलं असतं. "तपासलंय की मी," तो म्हणाला.

पहिला अर्धा तास सगळं नीट चाललं. मग धुकं उतरलं आणि चित्र भरून पांढरं झालं. प्रत्येक आकडा मोठा, प्रत्येक शेजाऱ्यासारखा. रिकाम्या रस्त्यावर कॅमेरा गाड्यांमागून गाड्या मोजत सुटला. एसटी समोरून गेली, ती मात्र त्याला दिसली नाही. ग्राहकांपैकी एकजण छत्रीखाली हसला. अपेक्षाची बोटं लॅपटॉपवर भराभर चालत होती, आणि तिला काही सापडत नव्हतं.

याच क्षणाची संदेशनं वाट पाहिली होती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला दिसल्या आणि त्याला ते बघवेना.

"वजाबाकी बघ," तो हळूच म्हणाला. "वर्गांची."

तिनं बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

मेल त्यानंतरचा होता, हे तिला माहीत होतं. तिनं लॅपटॉप मिटला.

दुरुस्ती तिनं एकटीनं केली. पहिला आकडा धरायचा, तो बाकीच्या सगळ्यांतून आधीच वजा करायचा आणि मग बेरजा करायच्या. आकडे लहान झाले, कापलं जाण्यासारखं काही उरलं नाही, आणि फेरी एकच राहिली. संदेशनं ते वाचलं तेव्हा पुन्हा तीच कळ उठली, आणि या वेळी धरायला एकही चूक नव्हती.

मीटिंगमध्ये ती म्हणाली, "चूक संदेशच्या लक्षात आली होती." कधी, ते तिनं सांगितलं नाही. सरांनी त्याची पाठ थोपटली. त्याला उठून जावंसं वाटलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मला तुझं यश बघवत नाही, अपेक्षा. खरंच नाही बघवत. मी प्रयत्न केला."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "ते मला कळत होतं," ती म्हणाली. "वाटायचं ते वाटू दे. पण तू ठीक आहे असं लिहिलंस, आणि मी त्यावर विसंबले."

तिनं शेवटची घडी कपाटात ठेवली.

"यापुढे माझं काम प्रितम तपासेल. सरांना मी सांगितलंय."

प्रितम त्यांच्याच टेबलाशी बसायचा, नवीन होता, चांगला होता. संदेशनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं एका स्क्रीनवर वाकून काहीतरी मोजत होती. प्रितमनं विचारलेल्या प्रश्नावर अपेक्षा म्हणाली, "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." संदेश पलीकडच्या बाजूला आपलं काम उघडून बसला होता, आणि त्याला एकही ओळ दिसत नव्हती.