बाहेरून लावलेली कडी

बैठकीच्या खोलीत बाप लेकीची मुलाखत घेत होता. वैद्यकीय कॉलेजची खरी मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, आणि चष्मा नाकावर ओढून त्याने प्राध्यापकाचा आव आणला होता.

"आजारी माणसाची सेवा केलीयस?"

"हो सर. वृद्धाश्रमात."

"घरात कोणाला आजार?"

"नाही सर."

"छान. फक्त 'नाही' म्हणताना खाली बघू नकोस."

भिंतीपलीकडे आत्या हे ऐकत होती. ही बापाची सख्खी बहीण. तिला फिट यायची. घरातल्या मुलाचं लग्न जमायचं होतं. म्हणून कोणी आलं, की तिच्या खोलीला बाहेरून कडी लागे आणि रेडिओ मोठा होई. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बाप म्हणे. त्या मुठीत एक जिवंत बाई गुदमरतेय, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिच्याशी दिवसभरात बोलायची ती एकटी भाची.

मुलाखतीत एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी वृद्धाश्रमाची हकिगत शांतपणे ऐकून घेतली.

"तिथल्या एखादीबद्दल सांग. तिला कशाची भीती वाटायची?"

मुलीला एकही चेहरा आठवेना. ती तिथे फोटोपुरती गेली होती.

"मॅडम, ते खोटं आहे," ती म्हणाली. "माझ्या आत्याला फिट येते. मी तिला कुशीवर वळवते, डोक्याखाली उशी देते. शुद्धीवर आली की ती पाणीसुद्धा मागत नाही. आधी विचारते, 'कोणी पाहिलं का गं?'"

"कोणते डॉक्टर बघतात तिला?"

"कोणीच नाही. लोकांना कळेल म्हणून."

"मग डॉक्टर होऊन तू तपासणार कोणाला?"



ती परतली तेव्हा भावासाठी सांगून आलेल्या मुलीकडची माणसं बैठकीत बसली होती. रेडिओ मोठ्याने चालू होता. आतून काहीतरी पडल्याचा आवाज तिला तरीही ऐकू आला. तिने रेडिओ बंद केला आणि कडीला हात घातला.

"आत्ता नको गं," बाप कुजबुजला. "हात जोडतो तुला."

"बाबा, बाजूला व्हा."

आत्या जमिनीवर आखडली होती. मुलीने तिला कुशीवर वळवलं, उशी दिली. दार उघडंच ठेवलं. पाहुणे उठून दारापाशी आले. बऱ्याच वेळाने आत्याने डोळे उघडले.

"कोणी पाहिलं का गं?"

"हो आत्या. सगळ्यांनी पाहिलं. उद्या आपण दवाखान्यात जातोय."

आत्या दाराकडे बघत राहिली. मग तिने पाणी मागितलं.