कोनाड्यातलं मलम

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात फौजेच्या भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं तालमीत कपडे बदलत. घामाचा लंगोट तिथंच दोरीवर टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच, ओलसर असला तरी, घालायचा. मारुतीच्या कोनाड्यात उदबत्तीशेजारी मलमाची ट्यूब असे. जांघेत गजकर्ण उठलं की ज्यानं त्यानं बोट लावायचं. औषधाच्या दुकानदारानंच ती दिली होती, खाजेवर लय भारी हाय म्हणून.

जयराज सगळ्यांत पुढं पळायचा. वडील बाळासो फौजेतून हवालदार होऊन आलेले. पोराला विसावं सरत आलं होतं. वयाची अट एकविसाची, म्हणून पुढल्या वर्षीची सांगलीची भरती त्याची शेवटची.

त्याच्याही जांघेत गजकर्ण उठलं होतं. मलम लावलं की खाज थांबायची, चट्टा पुसट व्हायचा. सोडलं की आधीपेक्षा रुंद होऊन उठायचा.

"आरं, लंगोट उकळून देते. दवाखान्यात तरी दाखव," आई हरणाबाई म्हणायची.

"मारुतीपुढचं औषध हाय आई, गुण येतोय की."

वर्ष असंच गेलं.

भरतीत तो पळण्यात पहिला आला. मग डॉक्टरांनी कपडे काढायला लावले. गजकर्ण कमरेपर्यंत चढलं होतं आणि जांघेत लाल चिरा पडल्या होत्या, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा.

"काय लावतोस?"

जयराजनं मलमाचं नाव सांगितलं.

"त्यात बुरशीचं औषध आहे, पण स्टिरॉइडही आहे. त्यानं खाज दबते आणि बुरशी आत पसरत राहते. कातडी पातळ होते ती वेगळीच. गोळ्यांनी गजकर्ण जाईल. चिरा राहतील. आत्ता घेता येणार नाही, पुढच्या भरतीला ये."

पुढच्या भरतीत त्याचं वय बसत नव्हतं.

बाळासोंनी आपली फौजेतली ट्रंक पोरासाठी नव्यानं रंगवून ओसरीत वाळत ठेवली होती. पोराचं तोंड बघून त्यांनी ट्रंक उचलून आत नेली.

सकाळी जयराज तालमीत गेला आणि कोनाड्यातली ट्यूब मुठीत घेतली.

"ठेव गड्या ती खाली," बरोबर पळणारा नानासो म्हणाला. पुढच्या भरतीत त्याला उतरायचं होतं.

"ह्यानं गजकर्ण मरत न्हाई रं, नुसतं दबतंय. डॉक्टर म्हणला."

"वरीसभर चोळलंस, तवा न्हाई आठवला डॉक्टर? तुजं गेलं, आता आमचं बी जाऊ दे म्हन की!"

पोरं हसली. नानासोनं ट्यूब हिसकावली, तळापासून गुंडाळत उरलंसुरलं मलम बोटावर घेतलं आणि पाठ फिरवली.

जयराजनं दोरीवरचा आपला लंगोट काढला आणि घरी आणून आईपुढं टाकला. हरणाबाईनं चुलीवर पाणी ठेवलं.