तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

गेली अठ्ठावीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता आणि सगळे त्याला गव्हर्नर म्हणत. प्रत्येक लिफ्टच्या वर, मशीनच्या खोलीत, गव्हर्नर नावाचं एक चाक असतं. लिफ्ट वाजवीपेक्षा जोरात पळायला लागली की ते चाक अडतं आणि लिफ्टला जागच्या जागी जखडून टाकतं. कंपनीत कुणी जरा रंगात येऊन बोलायला लागलं की हा मध्येच हात वर करायचा, "एक मिनिट, एक मिनिट. चुकतोयस तू." बोलणारा जागीच गार. त्यावरून कुणीतरी हे नाव पाडलं. पाडलं होतं चिडवायला, पण याला ते मानाचं वाटलं. ज्याला चिडवायचं तोच खूश झाल्यावर चिडवण्यात काय मजा? मजा गेली, नाव राहिलं.

कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तळमजल्यावर उभं राहून, नुसत्या आवाजावरून, वर काय झिजलंय ते सांगायचा. फक्त हे सगळ्यांना माहीत आहे ना, याची त्याला अधूनमधून खात्री करून घ्यावी लागे. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, "तुमच्या प्रत्येक गोष्टीत लिफ्ट बिघडते, सगळे हात टेकतात आणि मग तुम्ही येता. शेवट आधीच माहीत असतो हो."

कंपनीत एकच माणूस असा होता की ज्याच्याशी तो बोलत नव्हता. पक्कड. कुठलाही मुद्दा एकदा पकडला की सोडत नाही म्हणून पक्कड. दोघांनी पंधरा वर्षं जोडीनं काम केलं होतं. मग एका वर्षी कंपनीच्या कार्यक्रमात पक्कडला गौरवपत्र मिळालं, ब्रेकच्या एका अवघड दुरुस्तीबद्दल. ती युक्ती गव्हर्नरची होती. पक्कडचं म्हणणं, दोघांची होती. झालं. सहा वर्षं दोघं एकमेकांना पाहिलं की पिशवीतले पाने मोजायला लागत.

त्या दिवशी सकाळी गव्हर्नर एका जुन्या सातमजली इमारतीत एकटाच कामाला गेला. खाली दुकानं, वर वकील, विमेवाले, चौथ्या मजल्यावर दातांचा दवाखाना. तिसऱ्या मजल्यावरचं दाराचं कुलूप नीट लागत नव्हतं, ते त्यानं वीस मिनिटांत दुरुस्त केलं. लिफ्टमधला दिवा बदलायचा होता, तो काढून ठेवला. धोक्याच्या घंटेची वायर कुरतडलेली होती, ती सोडवून ठेवली. मग लिफ्ट कशी चालते ते बघावं म्हणून आत शिरला, दार लावलं आणि वरचं बटण दाबलं. तिसरा मजला मागे पडला, चौथा यायचा होता, तेवढ्यात खट् झालं आणि लिफ्ट थांबली.

काय झालंय ते त्याला लगेच कळलं. कुलपाचा एक स्क्रू पुरता आवळायचा राहिला होता. तो हलला, दार उघडं आहे असं लिफ्टला वाटलं आणि वीज तुटली. शिकाऊ पोरं करतात ती चूक. दिवा काढलेला, त्यामुळे काळोख. घंटा सोडवलेली, त्यामुळे मुकी. फोन वर मशीनच्या खोलीत, पिशवीत. एकट्यानं दार उचकटून बाहेर उडी मारायची नाही, हे तो दरवर्षी नव्या लोकांना तासभर बजावून सांगत असे. तेव्हा तेही नाही.

त्यानं दार बडवलं. पाच मिनिटांनी वॉचमन आला आणि तिसऱ्या मजल्याच्या दाराला तोंड लावून म्हणाला, "साहेब, अडकलात का?"

"कंपनीला फोन लाव," गव्हर्नर म्हणाला.

वॉचमन गेला आणि परत आला. "बाकी सगळे लांब आहेत म्हणे. एक जण येतोय, पाऊण तास लागेल. काहीतरी हत्याराचंच नाव सांगितलं."

गव्हर्नरनं विचारलं, "पक्कड?"

"हां, तेच."

"दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणावं. मी थांबतो. संध्याकाळपर्यंत थांबतो."

"निघाला पण तो, साहेब," वॉचमन म्हणाला आणि खाली गेला.

मग काळोखात गव्हर्नरची तयारी सुरू झाली. पक्कड दार उघडून काय म्हणेल? म्हणेल, 'काय गव्हर्नर, स्क्रू विसरलास वाटतं.' त्यावर आपण म्हणायचं, 'तुझ्या गौरवपत्राच्या चौकटीचे आवळलेस का?' हे त्याला आवडलं. पण पक्कड गप्प बसणारा नव्हता. तो काहीतरी उलट बोलला. याला राग आला. यानं आणखी जोरदार उत्तर शोधलं. पक्कडनंही शोधलं. दहा मिनिटांत भांडण इतकं पेटलं की गव्हर्नरला घाम फुटला. पक्कड अजून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिग्नलवर उभा असावा.

एवढ्यात वरून, चौथ्या मजल्याच्या दारामागून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "कोण आहे हो आत?"

"मी," गव्हर्नर म्हणाला.

"मी म्हणजे कोण?"

"गव्हर्नर."

"असं कुठं नाव असतं? आम्ही काय लहान आहोत? खरं सांगा, कोण?"

"आजी, मी लिफ्ट दुरुस्त करणारा."

मग आजी म्हणाल्या, "मग अडकलात कसे?"

आजींना उत्तराची गरज नव्हती. "ते नाही हो. तुम्ही म्हणजे नक्की कोण, ते विचारत होते. घरी कुणाला कळवायचं असेल तर," असं त्या म्हणत होत्या तोवर दवाखान्यातून त्यांना हाक आली. "माझी दाढ काढायचीय," त्यांनी सांगितलं आणि त्या गेल्या.

गव्हर्नर खाली बसला. पाय पसरले. मघाचं भांडण पुन्हा सुरू करावं म्हणून त्यानं पक्कडला मनात उभं केलं, पण काहीतरी बिनसलं होतं. एक साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली. इथे पक्कडही मीच बोलतोय आणि गव्हर्नरही मीच बोलतोय. मग ऐकतंय कोण?

एरवी हा प्रश्न आला असता आणि गेला असता. पण आज जायला जागाच नव्हती. त्यानं सहज बघितलं. राग छातीत होता. गरम, मुठीएवढा. तो कळत होता. पण ज्याला कळत होता ते रागावलेलं नव्हतं. मग लाज आली, कानाच्या पाळ्यांपर्यंत. तीही कळली. पण कळणारं लाजलेलं नव्हतं. त्याला जरा गंमत वाटली. तीही कळली.

हे जे कळतंय, त्याचं वय काय असेल? बावन्न वाटेना. शाळेत बाकावर उभं केलं होतं, तेव्हाही बघणारं हेच होतं. पहिल्यांदा लिफ्टच्या टपावर चढताना पाय लटपटले, तेव्हाही हेच होतं, आणि ते लटपटत नव्हतं. गव्हर्नर हे नाव पडायच्या आधीपासूनचं होतं. नाव त्याला कधी चिकटलंच नव्हतं.

मग तो विचारही संपला आणि पुढचा आला नाही. दवाखान्यातलं दात कोरायचं यंत्र गुणगुणत होतं. जिन्यावरून कुणाच्या तरी चपला उतरत होत्या. श्वास चालला होता. मी ऐकतोय, असं म्हणणारा मध्ये कुणी नव्हता. ऐकणं होतं. चपला आणि श्वास सारख्याच जवळ होत्या. लिफ्टच्या भिंती तिथेच होत्या, पण अडकलेला माणूस सापडत नव्हता. कुठे प्रकाश पडला नाही, कुणी दिसलं नाही. फक्त कशाचीही कमी नव्हती. किती वेळ, ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

लिफ्टला हिसका बसला आणि ती हळूहळू खाली जाऊ लागली. वर मशीनच्या खोलीत पक्कडनं वीज बंद करून, वॉचमनला ब्रेक सुटा धरायला लावून, हातानं मशीनचं चाक फिरवायला घेतलं होतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लागली. दोन मिनिटांनी जिना उतरून पक्कड आला, त्यानं दार उघडलं आणि तोंड उघडलं. सगळ्या रस्त्यानं त्यानंही तयारी केली होती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

गव्हर्नर उठून बाहेर आला आणि म्हणाला, "कुलपाचा स्क्रू राहिला माझ्याकडून. बरं झालं तू आलास."

पक्कडचं तोंड तसंच राहिलं. तयार केलेलं एकही वाक्य याला लागू पडेना. "बरा आहेस ना?" त्यानं शेवटी विचारलं. "डोकंबिकं आपटलं नाही ना?"

"नाही रे. चहा घेऊ या."

समोरच्या टपरीवर दोघं उभे राहिले. ब्रेकची ती युक्ती दोघांनी मिळून काढली होती हे गव्हर्नरला तेव्हा आपोआप आठवलं, आणि त्यानं ते बोलूनही टाकलं. पक्कडनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पहिली कल्पना तुझीच होती पण."

इथवर सगळं छान झालं. पुढे बिघडलं.

त्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नरनं बायकोला सगळं सांगितलं. तिनं वह्या बाजूला ठेवून नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वॉचमनला सांगितलं. आठवड्याभरात कंपनीत असं कुणी उरलं नाही की ज्याला 'मी' नसतोच हे गव्हर्नरनं समजावलं नव्हतं. ज्या इमारतीत कामाला जाई तिथे लोक पाचव्या मजल्यावर जायला निघालेले असत आणि हा दार धरून विचारी, "जातंय कोण, सांगा बघू." लोक जिन्यानं जायला लागले. कुणी शंका काढलीच, तर हात वर. "एक मिनिट. चुकतोयस तू. मला अनुभव आहे."

एका रविवारी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचा 'मी' गेला, होय ना?"

"गेलाच."

"सकाळपासून त्रेचाळीस वेळा 'मी' म्हणालात. आंघोळीतलं धरलेलं नाही."

गव्हर्नरला राग आला. आणि या वेळी तो रागच होता, बाजूला बसून बघणारं कुणी दिसेना. म्हणजे ते हरवलं की काय? तो घाबरला. मग त्यानं ते परत मिळवायचे प्रयत्न सुरू केले. कपाटाच्या खोलीत दिवा मालवून बसला. तिथे बायकोच्या जुन्या गाद्यांमुळे शिंका आल्या. मग सरळ कामावर, एका रिकाम्या दुपारी, त्यानं त्याच इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबवली, दिवा बंद केला आणि पाय पसरून बसला. काही झालं नाही. पाय मात्र बधिर झाले. खाली वकील ओरडायला लागले, तक्रार गेली आणि पक्कड आला.

"पुन्हा अडकलास?" दाराबाहेरून त्यानं विचारलं.

"नाही. मुद्दाम बसलोय."

पक्कडला सगळं ठाऊक होतं, त्यालाही तीनदा ऐकावं लागलं होतं. तो बाहेर जिन्याच्या पायरीवर बसला. "एक सांगू?" तो म्हणाला. "त्या दिवशी तू काहीच करत नव्हतास. अडकला होतास. आज तू टपून बसलायस."

आतून पाय आखडून घेतल्याचा आवाज आला.

"आणि वकिलांना पाचव्यावर जायचंय," पक्कड म्हणाला.

गव्हर्नरनं लिफ्ट खाली आणली, वकिलांची माफी मागितली आणि त्यानंतर तो विषय बंद केला. शोधणंही बंद केलं. थोडे दिवस जरा ओकं ओकं वाटलं. आपल्याला काहीतरी मोठं मिळालं होतं आणि ते आपण बोलून बोलून संपवलं, असं वाटे. ते वाटणं येई आणि जाई.

उन्हाळ्यात कंपनीत एक नवी इंजिनिअर आली. वयानं त्याच्या मुलीएवढी. एका बैठकीत गव्हर्नर नव्या नियंत्रण पेटीबद्दल सगळ्यांना समजावत होता, तेव्हा तिनं हात वर केला. "काका, हे जुन्या पेटीचं झालं. नव्यात उलटं आहे." तिनं फळ्यावर आकृती काढून दाखवली. खोलीतली पंधरा माणसं गव्हर्नरकडे बघायला लागली. पक्कडनं मान खाली घातली.

गव्हर्नरचे कान तापले. छातीत ती ओळखीची मूठ वळली. आणि ती वळलेली त्याला कळली, जसं बाहेर कुणीतरी दार लावलेलं कळतं. त्यानं काही शोधलं नव्हतं, टपलेला नव्हता. खोली होती, फळा होता, मूठ होती, पोरीच्या बोटांवर खडूची भुकटी होती. सगळ्याला पुरेशी जागा होती. त्यानं आकृती पुन्हा एकदा बघितली. ती बरोबर होती.

"हो, बरोबर आहे," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. ते तिसरं टोक कुठं जातं, ते जरा परत दाखव."

तिनं दाखवलं. बैठक पुढे सरकली.

संध्याकाळी तो चालतच घरी निघाला. फळवाल्याची गाडी, वाळत घातलेले टॉवेल, दोन बायका एकमेकींना काहीतरी सांगत होत्या, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं आणि रिक्षा त्याला वळसा घालून जात होत्या. नेहमी या रस्त्यावर तो दिवसभराचं बोलणं पुन्हा बोलून बघायचा, सुधारून. आज घराचं दार समोर आल्यावर त्याला कळलं की सगळा रस्ता कुणी काही बोललंच नव्हतं.

बायको गच्चीत चादरी वाळत घालत होती. एक मोठी चादर तिला एकटीला आवरत नव्हती. त्यानं तिचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पिळली, झटकली. थेंब दोघांच्या तोंडावर उडाले.

"आज काय झालं कामावर?" तिनं विचारलं.

"नव्या पेटीतलं एक शिकलो," तो म्हणाला. "एक पोरगी आलीय, तिनं शिकवलं."

बायको पुढच्या वाक्याची वाट बघत थांबली. ते आलं नाही. तो वाऱ्यानं फुगणारी चादर धरून उभा होता. तिनं त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, मग टोपलीतून दोन चिमटे काढून त्याच्या हातात दिले.