खाचेतली बदामराणी

मुरबाडच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक रिसॉर्ट आहे. तिथल्या खोल्यांची झाडलोट, चादरी, सगळं बारा वर्षं रंभामावशीच्या हाताखाली. तिचा एकच हट्ट होता: पाहुण्यानं अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकता कामा नये.

मालकाची लेक रुचिता कारभार बघू लागली आणि तिनं विजेची उधळपट्टी थांबवायचं मनावर घेतलं. प्रत्येक खोलीत दाराशेजारी एक खाच बसवली. किल्लीचं कार्ड खाचेत असलं तरच वीज. पाहुणा कार्ड घेऊन बाहेर पडला की दिवे, एसी, गिझर सगळं बंद. युक्ती नामी होती. पण तीन महिने झाले तरी मीटर आपला धावतच होता.

शेवटी एका दुपारी रुचिता स्वतः रिकाम्या खोल्या बघत फिरली. चौदापैकी अकरा खोल्यांत एसी चालू, आणि खाचेत किल्लीच्या कार्डाऐवजी पत्त्यांच्या जोडातला एकेक पत्ता! पाच नंबरात तर बदामराणी ऐटीत बसली होती.

"हे कुणी केलं?" तिनं सगळ्यांना अंगणात उभं करून विचारलं.

नजरा फिरत फिरत रेश्मावर थांबल्या. डोळखांबकडच्या पाड्यावरची ही पोरगी तीन महिन्यांपूर्वीच कामाला लागली होती. नव्याच्या आणि गरिबाच्या दारात संशय आधी येतो, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

"उद्यापासून येऊ नकोस," रुचिता म्हणाली.

पत्ते रंभाचे होते, कुणी पाहुणा विसरून गेलेला जोड. बोललं तर बारा वर्षांचा मान जाणार, कदाचित कामही. गप्प बसलं तर त्या पोरीची भाकर जाणार. रेश्माच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि रंभाला ते बघवेना.

"ताई, तिला काय बोलू नका. पत्ते मीच घातलेत."

"मावशी, तुम्ही?"

"लगीन होऊन शहापुराकडं सासरी आले ना, तवा घरात दिवा नव्हता. आमी उद्या येऊ असं वाटलेलं त्यांना. उंबऱ्यात ठेच लागून पडले गो, परक्या घरात. कुणी आपली वाट बघत नाय, ह्येच मनात बसलं."

रुचिताचा राग गेला नाही, पण आवाज खाली आला. "मग आता रिकाम्या खोलीत दिवसभर वाट कोण बघतंय, मावशी? एसी?"

रंभा चपापली. खरंच की, तिच्या आईनं पाहुणा येणार म्हणून सकाळपासून चूल कधी पेटती ठेवली नव्हती. कुत्रं भुंकलं, बांधावर माणूस दिसला, की मगच फुंकणी हातात घ्यायची. वाट बघायचं आपलं काम आपण विजेच्या गळ्यात मारलं, याची तिला लाज वाटली.

"फाटकावरच्या लडकूला सांगा," ती म्हणाली. "गाडी वळणावर दिसली का घंटा मारायची. पावना आत येईतवर मी खोली तयार करते."

रुचितानं सगळ्यांदेखत रेश्माची माफी मागितली. घंटा सुरू झाली. ती वाजली की रंभा पदर खोचून धावायची. मीटर हळू झाला आणि पाहुण्यांना खोल्या उजेडातच मिळत राहिल्या.

भातकापणीला रंभा आठ दिवस घरी गेली. न कळवताच परतली, तेव्हा तिन्हीसांज झाली होती. ती आणि रेश्मा राहायच्या ती मागची खोली वळणावरून दिसली, काळोखी. इतक्या वर्षांनीही तिला सासरचा तो उंबरा आठवला.

तेवढ्यात फाटकावर घंटा वाजली. तिनं मागं वळून पाहिलं, गाडी कुठंच नव्हती. पुन्हा समोर बघते तर खिडकीत दिवा लागलेला.

दारात रेश्मा पायांवर घ्यायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. रंभाचे डोळे भरून आले.

"फुकट नाय जाळला, मावशी," रेश्मा घाईघाईनं म्हणाली. "आताच लावला."